रतनगड ते हरिश्चंद्रगड : तीन रात्री, एक हवेची गादी आणि पेंढा

चाळिशी ओलांडली की ट्रेकमध्ये पाय नंतर दुखतात, कंबर आधी. गेली पंधरा वर्षं मी सहा मिलिमीटरच्या काळ्या कॅरीमॅटवर, म्हणजे गुंडाळायच्या पातळ फोमच्या मॅटवर, गुहांमधून झोपत आलो. कुशीवर झोपायची सवय असल्याने दर वेळी सकाळी खुब्याचं हाड ठणकायचं. या जानेवारीत रतनगड-कात्राबाई-हरिश्चंद्रगड ठरला तेव्हा मनाशी म्हटलं, आता बास. हवेची गादी घेतली. वजन ५४० ग्रॅम, फुगवल्यावर जाडी ६ सेंटीमीटर, घडी केली की पाण्याच्या बाटलीएवढी. भाच्याने सोबत त्याची घडीची फोम मॅट घेतली, अंड्यांच्या ट्रेसारखे खळगे असलेली. ती सॅकच्या बाहेर बांधलेली बघून मी त्याला यथेच्छ चिडवलं.

कसाऱ्याहून घोटीमार्गे शेंडी, तिथून भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या कडेकडेने रतनवाडी. अमृतेश्वराला नमस्कार करून जंगलात शिरलो. शिड्यांवर पहिला धडा मिळाला, पण भाच्याला नाही. आमच्यापुढे कॉलेजची पोरं होती. त्यांच्या मॅटच्या लांब गुंडाळ्या सॅकला आडव्या बांधलेल्या, त्या शिडीच्या कठड्यात अडकायच्या आणि पोर मागे खेचलं जायचं. मॅट बाहेर बांधायचीच असेल तर उभी बांधा, सॅकच्या रुंदीबाहेर जाऊ देऊ नका. कारवीतून जाताना आडवी मॅट दर दहा पावलांना अडते, आणि गुंडाळी फाटते ती वेगळीच.

रात्री गणेश दरवाज्याजवळच्या मोठ्या गुहेत पथारी पसरली. गादी फुगवायला तोंडाने पंचवीसेक फुंकरा लागल्या. खुब्याला जमीन टेकत नव्हती, हे सुख शब्दांत मावणारं नाही. मात्र दोन गोष्टी दुकानात कुणी सांगितल्या नव्हत्या. कूस बदलली की चिप्सच्या पुडीसारखा चुरचुर आवाज होतो, आणि पंधरा माणसांच्या गुहेत तो सगळ्यांना ऐकू जातो. दुसरं म्हणजे पहाटे तीनला पाठ गार पडली. थर्मामीटर ९ अंश दाखवत होता. एवढी थंडी मी त्या पातळ काळ्या मॅटवरही काढली होती, मग सहा सेंटीमीटर हवेवर कुडकुडायचं कशाला?

इथेच खरी मेख आहे. जाडी म्हणजे ऊब नव्हे. आत नुसती मोकळी हवा असली की ती आतल्या आत फिरते, पाठीची ऊब घेते आणि गार दगडाला नेऊन देते. स्लीपिंग बॅगचा खालचा भाग आपल्या वजनाने चेपलेला असतो, त्यामुळे खालून बॅगचा उपयोग जवळजवळ नाहीच. जे काही अडवायचं ते मॅटनेच. मॅट किती ऊब अडवते त्याचा आकडा म्हणजे आर-व्हॅल्यू. माझ्या गादीचा दीड होता. मी घेताना वजन पाहिलं, जाडी पाहिली, किंमत पाहून दोनदा आवंढा गिळला, हा आकडा तेवढा पाहिला नाही. आता बऱ्याच कंपन्या तो एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या एकाच पद्धतीने मोजतात, त्यामुळे दोन मॅटची तुलना करता येते. उदाहरण द्यायचं तर थर्म-अ-रेस्टची झी लाइट सोल ही फोम मॅट ४१० ग्रॅमची, आर-व्हॅल्यू २. त्याच कंपनीची निओएअर एक्सलाइट एनएक्सटी ही हवेची गादी ३७० ग्रॅम आणि ४.५, कारण तिच्या आत ऊब परतवणारे पडदे आहेत. पैसे त्या पडद्यांचे. सह्याद्रीतल्या हिवाळ्याला दीड-दोन पुरतं, पण थंडी वाजणाऱ्या माणसाने दोनच्या खाली जाऊ नये. हिमालयात बर्फावर झोपायचं तर पाचच्या आसपास हवं. आणि हे आकडे बेरजेत चालतात: दोनवर दोन ठेवली की चार.

दुसऱ्या दिवशी कात्राबाईच्या खिंडीत मी गाढवपणा केला. चढून दमलो होतो, जेवणानंतर डोळा लागावा म्हणून गादी फुगवून वाळक्या पाचोळ्यावर टाकली आणि मस्त अर्धा तास घोरलो. खाली करवंदीचं वाळकं काटकूट होतं.

संध्याकाळी कुमशेतला पोचलो. ज्यांच्या अंगणात उतरलो त्या मावशींनी जेवायला नाचणीची भाकरी आणि हुलग्याचं पिठलं केलं होतं. झोपायच्या वेळी म्हणाल्या, “दादा, खाली पेंढा टाकू का? रातच्याला भुई गार लागंल.” मी ऐटीत गादी दाखवली. त्यांनी ती बोटाने दाबून पाहिली, “फुगाच हाय की,” म्हणाल्या आणि आत गेल्या.

रात्री दीडला जाग आली तेव्हा मी सारवलेल्या अंगणावर होतो आणि गादी माझ्याखाली पोळीसारखी पसरली होती. फुगवली, पाऊण तासात पुन्हा पोळी. तिसऱ्या वेळेला फुंकर मारायचा उत्साह राहिला नाही. गोठ्याकडे चोरपावलांनी गेलो आणि गंजीतून दोन कवळे पेंढा उपसला. कुत्रं भुंकलं, बैलाने मान वळवून पाहिलं. वीतभर जाडीचा थर, त्यावर सपाट गादी, त्यावर स्लीपिंग बॅग. तिन्ही रात्रींतली सर्वांत गाढ झोप तीच. पेंढ्याच्या काडीकाडीत हवा अडकलेली असते आणि ती फिरत नाही. माझ्या महागड्या गादीत नेमकं तेच नव्हतं.

सकाळी मावशींनी काही विचारलं नाही, फक्त बादली आणून दिली. भोक शोधायची रीत अशी: गादी अर्धवट फुगवून थोडा थोडा भाग पाण्याखाली दाबत जायचा, बुडबुड्यांची माळ आली की पेनाने गोल करायचा. गडावर हे करायचं झालं तर टाक्यात गादी बुडवू नका, ते प्यायचं पाणी आहे. साबणाचा फेस फडक्याने पुसत गेलात तरी बुडबुडा दिसतो. ठिगळ लावण्याआधी जागा पूर्ण कोरडी करून स्पिरिटच्या बोळ्याने पुसायची. मी घाई केली, ओलसर जागेवरच चिकटवलं.

पेठेच्या वाडीवरून पाचनई, तिथून हरिश्चंद्रगड. शनिवार असल्याने कोकणकड्यावर भाड्याच्या तंबूंची वस्तीच झाली होती. आम्ही देवळाजवळच्या गुहेत राहिलो. फरशी दमट, एका बाजूला उतार. हवेची गादी उतारावर घसरते आणि पहाटेपर्यंत तुम्ही शेजाऱ्याच्या अंगावर. भाच्याने शेवटी दया येऊन आपली मॅट उलगडून अर्धी माझ्या गादीखाली सरकवली. स्वतः उरलेल्या अर्ध्या मॅटवर आणि पाय रिकाम्या सॅकवर. घसरणं थांबलं, पाठ गरम राहिली, ठिगळ मात्र पहाटे चारला सुटलं. फोम असल्याने नुसतं हाड टेकलं, गारठा नाही.

त्यामुळे मागून जाणाऱ्यांना माझं म्हणणं असं. गुहा आणि देवळं यांचा ट्रेक असेल तर घडीची फोम मॅट न्या. काट्याने तिचं काही वाकडं होत नाही, दुपारी झाडाखाली बिनधास्त पसरता येते. खुबा दुखणाऱ्यांनी तिच्याबरोबर कमरेपुरता दुसरा तुकडा न्यावा, जुनी कॅरीमॅट कापली की झालं, शंभर-सव्वाशे ग्रॅम. हवेची गादी न्यायचीच तर फोमवर ठेवून, आणि काठोकाठ फुगवू नका; कुशीवर झोपल्यावर खुबा जमिनीपासून बोटभर वर राहील इतकीच. गार हवेत ती रात्री थोडी सैल पडते, ते पंक्चर नव्हे.

दुकानात फोम अंगठ्याने जोरात दाबून बघा. खळगा लगेच भरून आला तर घ्या, तसाच राहिला तर तिसऱ्या ट्रेकला तिचा पापड होणार. योगा मॅट आणू नका, किलोच्या वर भरते आणि गारही लागते. चंदेरी पन्नीवर फार भरवसा ठेवू नका. जमिनीला चिकटून दाबली गेली की तिचा उपयोग थोडाच उरतो. मॅटची लांबी पूर्ण असायलाच हवी असं नाही, रुंदी मात्र खांद्यावरून ठरवा: ५१ सेंटीमीटर हे नेहमीचं माप माझ्या खांद्यांना अपुरं पडतं, हात जमिनीवर जातात.

तोलारखिंडीतून खिरेश्वर, खुबी फाट्यावर एसटी. घरी येऊन स्लीपिंग बॅग गॅलरीत झटकली तर मूठभर पेंढा पडला. बायकोने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग गादीच्या बिलाकडे, जे मी टेबलावरून उचलायचं विसरलो होतो.