अ-१ म्हणजे किती टक्के?

लेकीचा इस्रोच्या ‘युविका’चा फॉर्म मी २०२४ साली भरला. नववीच्या मुलांना मे महिन्यात दोन आठवडे इस्रोच्या एखाद्या केंद्रात ठेवून घेतात, तोच कार्यक्रम. लोक विचारतात, ऑनलाइन क्विझ अवघड असते का? क्विझ तिनं जेवणाआधी उरकली. आमची खरी परीक्षा झाली शाळेच्या ऑफिसच्या खिडकीत.

निवडीत आठवीच्या गुणांना ५० टक्के वजन. ग्रामपंचायत हद्दीतल्या शाळेत शिकत असाल तर १५. क्विझला फक्त १०. बाकी विज्ञान प्रदर्शन, ऑलिंपियाड, खेळ, स्काउट. आमच्याकडे प्रदर्शनाचं एक प्रमाणपत्र सोडलं तर त्यातलं काही नाही. म्हणजे सगळी भिस्त त्या ५० आणि १५ वर, आणि दोन्हींना शाळेचा शिक्का.

फॉर्ममध्ये टक्के मागतात. लेकीच्या आठवीच्या प्रगतिपुस्तकात टक्के नव्हतेच, नुसत्या श्रेणी. अ-१, अ-१, अ-२.

क्लार्क म्हणाले, “अ-१ म्हणजे ९१ च्या पुढं. लिहा की ९५.”

“मग तसं लिहून द्या.”

“आम्ही बोनाफाईड देतो. दुसरं काही देत नाही.”

मुख्याध्यापक कुठे, तर दहावीच्या केंद्रावर केंद्रसंचालक. शेवटची तारीख २० मार्च, आणि दहावी सुरू झालेली १ मार्चला. दुकानाचं शटर ओढून मी तीन दुपारी त्या खिडकीसमोरच्या बाकावर काढल्या. पेपरचे गठ्ठे रवाना करून सर संध्याकाळी पाचला येणार असं कळायचं, आणि सर तिकडूनच घरी जायचे.

शेवटी धावून आल्या तिच्या आठवीच्या वर्गशिक्षिका. बाईंनी कपाटातून खाकी पुठ्ठ्याचं निकालपत्रक काढलं. त्यात आकारिक, संकलित, सगळे गुण विषयवार लिहिलेले! प्रगतिपुस्तकावर उतरली होती फक्त श्रेणी. बाईंनी मोबाइलवर बेरीज केली, ९३ आणि वर थोडे. तुमच्याही मुलाच्या हातात नुसत्या श्रेणी असतील तर थेट निकालपत्रकाचा उतारा मागा, आणि डिसेंबर-जानेवारीतच मागा.

सर भेटले तेव्हा १५ टक्क्यांचं काढलं. “शाळा ग्रामपंचायतीत आहे याचा ग्रामसेवकाचा दाखला आणा.” शाळेच्या फाटकासमोर ग्रामपंचायतीचं पाण्याचं टाकं आहे, त्यावर गावाचं नाव हातभर मोठ्या अक्षरांत आहे. पण म्हटलं, वाद नको. ग्रामसेवक भाऊसाहेबांकडे तीन गावं, आमच्याकडे गुरुवारी येतात. गुरुवारी, १४ तारखेला, दाखला घेतला. सोमवारी सरांसमोर ठेवला. सरांनी तो बाजूला सारला आणि इस्रोच्या नमुन्यावर सही केली. वाचलासुद्धा नाही! शाईचं पॅड वाळलेलं, म्हणून क्लार्कनी गोल शिक्क्यावर तोंडानं हा करून वाफ दिली आणि दाबला. तालुक्याचं नाव उमटलंच नाही. दुसरा मारायला लावला. तिथं मात्र मी आवाज चढवला, खोटं कशाला सांगू.

हो, क्रम सांगायचा राहिला. आधी ‘अंतरिक्ष जिज्ञासा’ या इस्रोच्या वेबसाइटवर नोंदणी, मग ईमेलची पडताळणी, मग क्विझ. क्विझ सबमिट केल्यावर तासभर थांबायचं आणि मगच युविकाच्या पोर्टलवर लॉगिन करायचं. आम्ही लगेच बसलो आणि काहीतरी चुकलं म्हणून घाबरलो. पडताळणीचा मेल स्पॅममध्ये जाऊन बसला होता.

पहिल्या यादीत नाव नव्हतं. पुढच्या यादीत आलं, अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरसाठी. मी दुकानात उभा होतो, ग्राहकाला सुटे द्यायचे विसरलो. विद्यार्थ्याचं आणि सोबतच्या एका पालकाचं प्रवासभाडं नियमात बसेल तेवढं परत मिळतं, तेव्हा तिकिटं टाकून देऊ नका. तिथलं काय सांगू, पोरगी परत आल्यावर आठवडाभर उपग्रहाच्या फोटोत आमचं शेत शोधत होती.

जूनमध्ये शाळेनं फाटकावर फ्लेक्स लावला. लेकीचा फोटो, सरांचा फोटो, कोपऱ्यात क्लार्कचाही. खाली लिहिलेलं, ‘आठवीत ९५ टक्के’.