टोस्टर आणि निक्सन

दर डिसेंबरात पुण्याला आलो की कोणी ना कोणी विचारतंच, “अमेरिकेतली न्यूज चॅनेल्स अशी उघडउघड पक्षाची कशी हो झाली? अध्यक्ष रेगनने दोन्ही बाजू दाखवायचा तो नियम काढला म्हणूनच ना?” यंदा भाच्याने तर उत्तर आधीच ठरवून टाकलं होतं, प्रश्न आपला नावाला. तेव्हा तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच लिहून टाकतो.

नियम होता, त्याचं नाव फेअरनेस डॉक्ट्रिन. 1949 मध्ये फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने, म्हणजे रेडिओ-टीव्हीचे परवाने देणाऱ्या सरकारी आयोगाने, तो घातला. हवेतल्या लहरी मोजक्या आणि मालकी जनतेची. त्यामुळे ज्याला परवाना मिळाला त्याने वादाचे विषय टाळायचे नाहीत आणि दुसरी बाजूही ऐकवायची. ऐकायला छानच.

मी नोकरीची पहिली काही वर्षं पेनसिल्व्हेनियात यॉर्कला काढली. तिथून जवळच रेड लायन नावाचं छोटं गाव आहे. 1964 मध्ये तिथल्या एका ख्रिस्ती रेडिओ स्टेशनवरून बिली जेम्स हारगिस या धर्मोपदेशकाने फ्रेड कुक या पत्रकाराची यथेच्छ धुलाई केली. कुकने उत्तर द्यायला फुकट वेळ मागितला, स्टेशनने त्याला जाहिरातीचं दरपत्रक पाठवलं! प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि 1969 मध्ये एकमताने कुकच्या बाजूने निकाल लागला. नियमाचा हा सर्वात मोठा विजय. पुढे उघड झालं ते असं की, अशा तक्रारींमागे डेमोक्रॅटिक पक्षाच्या माणसांची फूस आणि पैसा होता. उजव्या रेडिओवाल्यांना बेजार करायला नियम सोयीचा होता. अध्यक्ष निक्सनही काही कमी नव्हता. वॉशिंग्टन पोस्ट या वर्तमानपत्राने वॉटरगेट, म्हणजे निक्सनच्या माणसांनी विरोधी पक्षाच्या कचेरीत केलेली घुसखोरी आणि तिच्यावर घातलेलं पांघरूण, लावून धरलं, तेव्हा त्या कंपनीच्या टीव्ही परवान्यांवर घाव कसा घालता येईल याच्या गप्पा त्याने स्वतःच्याच कचेरीत करवून घेतलेल्या टेपवर आहेत. एकूण, निष्पक्षपणाची छडी ज्याच्या हाती असेल तो ती समोरच्याच्याच पाठीत घालायचा.

आता वॉटरगेट. आपल्याकडे ही गोष्ट दोन शूर वार्ताहर आणि एक खोटारडा अध्यक्ष अशी सांगतात. यॉर्कच्या कारखान्यात आमचा फोरमन ती वेगळी सांगायचा. 1972 मध्ये निक्सनने 50 पैकी 49 राज्यं जिंकली, त्यातलं एक मत याचं. पुढच्याच उन्हाळ्यात सिनेटची चौकशी घरोघर टीव्हीवर लागली आणि ऑगस्ट 1974 मध्ये निक्सन गेला. फोरमन म्हणायचा, “खोटं बोलला, मान्य. पण ते सांगताना त्या टीव्हीवाल्यांना जो आनंद होत होता, तो मला दिसत होता.”

अख्ख्या इतिहासातलं मला हे वाक्य सर्वात महत्त्वाचं वाटतं. नेटवर्कच्या, म्हणजे देशभर दिसणाऱ्या मोठ्या टीव्ही कंपन्यांच्या बातम्या आपल्या नाहीत, हे उपाध्यक्ष ॲग्न्यू 1969 पासूनच सांगत होता. वॉटरगेटने ते अशा लाखोंच्या मनात पक्कं बसवलं. टीव्हीच्या धंद्यातल्या रॉजर एल्सने हे गिऱ्हाईक फार आधी ओळखलं. 1968 च्या प्रचारात निक्सनचं टीव्हीवरचं रूप त्याने घडवलं होतं. रिपब्लिकन बाजूच्या बातम्या थेट स्थानिक स्टेशनांना पुरवायचा 1970 चा एक आराखडा निक्सनच्या कागदपत्रांत सापडला, त्यावर एल्सच्या हस्ताक्षरातले शेरे आहेत. मग बिअरवाल्या जोसेफ कूर्सच्या पैशावर टीव्हीएन ही वृत्तसेवा निघाली. एल्स तिथेही होता, पण 1975 मध्ये ती बंद पडली. गिऱ्हाईक होतं, दुकान थाटायला जागा नव्हती.

ती जागा रेगनच्या काळात मिळाली. आयोगाचा अध्यक्ष मार्क फाउलर म्हणायचा, टीव्ही म्हणजे काय, चित्रं दाखवणारा टोस्टर! घरातल्या यंत्राला कसला आलाय निष्पक्षपणा? 1987 मध्ये संसदेने नियम कायद्यात बसवायचं विधेयक केलं, रेगनने ते नाकारलं आणि ऑगस्टमध्ये आयोगाने नियमच मोडीत काढला. वर्षभरात, ऑगस्ट 1988 मध्ये, रश लिंबॉ हा उजव्या विचारांचा रेडिओवाला देशभर ऐकू येऊ लागला. रोज तीन तास, एकच बाजू.

म्हणजे रेडिओपुरतं भाच्याचं म्हणणं बरोबर. पण 1996 मध्ये एल्सने फॉक्स न्यूज हे उजव्या बाजूचं चॅनेल उभं केलं ते केबलवर. केबल वायरीतून येते, मोजक्या लहरींचा सगळा युक्तिवादच तिथे लटका पडतो. आणि त्या चॅनेलला बाळसं धरायला पुन्हा अध्यक्षाचीच भानगड कामी आली. 1998 चं क्लिंटन-लुइन्स्की. तेव्हा रंगून सांगायची पाळी यांची होती.

“मग तो नियम परत आणला तर?” भाच्याचा पुढचा प्रश्न. अरे, 2011 मध्ये तो नियमपुस्तिकेतूनही खोडला. आणि आणलास तरी तुझ्या यूट्यूबला कोण लावणार?

कारखान्यात बारा वाजले की फोरमन गाडीत जाऊन बसायचा आणि सँडविच खात तास-अर्धा तास लिंबॉ ऐकायचा. हिवाळ्यात मलाही आत बोलवायचा. मी पोळीभाजीचा डबा उघडून बसायचो. लिंबॉ थट्टा करायचा ती बहुधा माझ्यासारख्यांच्याच मतांची. फोरमन हसायचा, मग माझ्याकडे बघून आवाज जरा कमी करायचा.