ढोम्याच्या कानातले खडे आणि माझं डेसर्टेशन : माझा अनुभव

सगळ्यात आधी एकच सांगते, बाकीचं नंतर वाचा. मासळीच्या कानातले खडे काढायचे असतील तर ती मासळी फॉर्मलिनमध्ये (लॅबमध्ये मेलेले प्राणी टिकवायचं द्रव) टाकू नका. मी टाकली आणि माझे अडीच महिने त्यात गेले. ढोमा म्हणजे समुद्रातला एक मासा, आणि त्याच्या कानातल्या खड्यांच्या आकारावरून उत्तरेकडचा ढोमा आणि रत्नागिरीचा ढोमा वेगळे आहेत का, हे मला डेसर्टेशनमध्ये बघायचं होतं.

मी अमळनेरची, एमेस्सी झूलॉजी. आमच्याकडे समुद्र म्हणजे बुधवार-शनिवारच्या बाजारातले सुके बोंबील आणि सुकट, तेवढाच. पण डेसर्टेशनचे विषय ठरत होते तेव्हा मॅडमनी ओटोलिथबद्दल सांगितलं आणि मला दुसरा विषय सुचेचना. ओटोलिथ म्हणजे माशाच्या आतल्या कानात असणारे चुन्याचे खडे, तीन जोड्या असतात, त्यातली सॅजिटा नावाची जोडी बहुतेक समुद्री माशांत सर्वांत मोठी. आम्ही कानाची हाडं म्हणतो खरं पण ते हाड नाहीच, कॅल्शियम कार्बोनेट आहे. आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "मासाना कानमा दगड शे? मंग त्याले ऐकू येस का?" प्रश्न एकदम बरोबर होता, कारण त्या दगडामुळेच ऐकू येतं. पाण्यातून आवाज आला की माशाचं अंग पाण्याबरोबर हलतं, खडा जड म्हणून मागे राहतो, आणि त्या फरकाने खालचे बारीक केस वाकतात. तोलही त्यानेच सांभाळला जातो.

आता यावरून मासा कुठल्या पाण्यात वाढला ते कसं ओळखायचं? खडा मासा जिवंत असेपर्यंत थरावर थर चढून वाढतो, आणि हाडासारखा परत विरघळून शरीरात जात नाही. एकदा चढलेला थर कायमचा. झाडाच्या खोडासारखी वर्षाची वर्तुळं त्यात दिसतात हे १८९९ मध्ये रायबिश यांनी दाखवलं, आणि १९७१ मध्ये पॅनेला यांनी तर रोजचं एक वर्तुळ असतं असं दाखवलं. मासा ज्या पाण्यात वाढला, जे खाल्लं, ज्या वेगाने वाढला त्या सगळ्याचा परिणाम खड्याच्या कडेवर होतो, म्हणून दोन ठिकाणी वेगवेगळे वाढलेले एकाच जातीचे मासे खड्याच्या आकारावरून वेगळे काढता येतात.

आईने विचारलं याचा उपयोग काय, तेव्हा मी बोंबलाचंच उदाहरण दिलं. बोंबील महाराष्ट्र-गुजरातच्या बाजूला भरपूर, मग मधला मोठा किनारा जवळपास रिकामा आणि परत बंगालच्या बाजूला भरपूर. इकडचा बोंबील संपला तर तिकडचा येऊन भरून काढणार नाही हे नकाशा बघूनच कळतं. पण ढोम्याचं तसं नाही, तो किनाऱ्याने सलग सापडतो, मध्ये कुठे रेघ नाही. मग उत्तरेकडचा ढोमा आणि रत्नागिरीचा ढोमा एकच साठा (म्हणजे आपापसात मिसळून वाढणारा एकच समूह) आहे की दोन? दोन असतील तर एका ठिकाणी उपसा जास्त झाला की तिथला साठा तिथेच संपणार. मला हे शोधायचं होतं. ढोमा घेण्याचं आणखी एक कारण म्हणजे त्याचे खडे अंगाच्या मानाने मोठे असतात, बांगड्याचे त्यापुढे अगदी बारीक. त्याच्या शास्त्रीय नावातलं ओटोलिथीस पण यावरूनच आलंय.

आधी हात बसावा म्हणून बाजारातून तापीवरच्या रोहूची डोकी आणली. तीन दिवस कापतेय आणि पुस्तकातला तो जाड बदामी खडा काही सापडत नाही, सुईसारखं काहीतरी निघतं आणि चिमट्यात तुटतं. मग मॅडमनी सांगितलं की रोहू-कटल्यात सॅजिटा अशीच काडीसारखी असते, त्यांच्यात दुसऱ्या दोन जोड्या बघायच्या. म्हणजे सराव करायचा तर ज्या माशावर काम आहे त्याच्यावरच करायचा.

मे महिन्यात पहिली फेरी. बोरिवलीला मावशीकडे राहिले, मुंबईतल्या एका मोठ्या बंदरावरून ढोमा घेतला, थर्माकोलच्या खोक्यात बर्फ भरला आणि सुरतमार्गे निघाले. नंदुरबार येईपर्यंत खोक्यातून पाणी गळायला लागलं होतं, बाहेर ४४ डिग्री, डब्यातली माणसं वासाने वैतागली आणि मला मासे वाया जातील याचीच काळजी, म्हणून कॉलेजला पोचल्या पोचल्या लॅबमध्ये जे होतं त्यात म्हणजे फॉर्मलिनमध्ये सगळे टाकले, बरणी बंद केली आणि मी निर्धास्त. जूनला मासेमारी बंद झाली, मी वाचन करत बसले. ऑगस्टमध्ये बरणी उघडली, पहिलं डोकं कापलं आणि आत खडूसारखा पांढरा भुसभुशीत तुकडा, कडा खाल्लेल्या. दुसरं तसंच. सगळी तशीच. साधं फॉर्मलिन ठेवल्यावर आंबट होत जातं आणि ॲसिडमध्ये चुना विरघळतो, बारावीची केमिस्ट्री. त्या दिवशी मी खरंच रडले. मला तर कडेचाच आकार मोजायचा होता आणि नेमकी कडच गेली होती.

योग्य पद्धत सोपी आहे. मासा बर्फात किंवा फ्रीझरमध्ये ठेवा, किंवा अल्कोहोलमध्ये, आणि शक्य असेल तर जागेवरच डोकं उघडून खडे काढून पाण्याने धुवा, चिकटलेला पडदा सोडवा, कोरडे करून छोट्या ट्यूबमध्ये ठेवा. कोरडा खडा कितीही दिवस टिकतो. दुसऱ्या फेरीपासून मी तसंच केलं. डोळ्याच्या वरून सुरी आडवी मागे न्यायची, डब्याचं झाकण उघडावं तशी कवटी उघडते, मेंदू बाजूला सारला की दोन्ही बाजूंना खोबणीत खडे दिसतात. ढोम्यात कल्ले काढून खालच्या बाजूनेही जाता येतं, मला तेच जमलं. ढोम्याच्या खड्याच्या एका बाजूवर बेडकाच्या पिल्लासारखी खूण असते, गोल डोकं आणि वळलेली शेपटी, ती पहिल्यांदा मायक्रोस्कोपखाली स्वच्छ दिसली तेव्हा मी घरी व्हिडिओ कॉल करून सगळ्यांना दाखवली. आणि ट्यूबवर नंबर, लांबी, तारीख, डावा-उजवा हे लगेच लिहा, लगेच म्हणजे लगेच.

दुसऱ्या फेरीत वेगळीच गोष्ट कळली. बंदरावर मासळी विकणाऱ्या एक मावशी माझी वही बघत होत्या. मी ठिकाण म्हणून मुंबई लिहिलेलं. त्या म्हणाल्या, "पोरी, मुंबईची कशी गं ही? बोट आठ दिवस भायेर होती, पार वरच्या बाजूला." मी गप्पच झाले. बोट जिथे लागते ते माशाचं गाव नसतं. मोठे ट्रॉलर दिवसेंदिवस बाहेर असतात, कुठे कुठे जाळं ओढतात आणि सगळं एकाच ढिगात उतरतं. त्या ढिगाला मुंबईचा साठा म्हणून मी रत्नागिरीशी तुलना करणार होते! माझ्या मते या सगळ्या कामात सर्वांत महत्त्वाची माहिती मला त्या मावशींनी दिली, आणि मी आभाराच्या पानावर तसं लिहिलंय.

मग ठरवलं की फक्त रोज जाऊन रोज परत येणाऱ्या छोट्या बोटींचा मासा घ्यायचा. उत्तरेकडून अर्नाळा, तिथे किनाऱ्याजवळ रोवलेल्या डोल जाळ्यात ढोमा मिळतो, आणि दक्षिणेकडून रत्नागिरी. प्रत्येक तांडेलाला (बोटीच्या प्रमुखाला) विचारून जाळं कुठे होतं ते लिहून घेतलं. अर्नाळ्याला तर भरती-ओहोटीच्या वेळा बघून पहाटे जायला लागायचं.

फोटोचं काम कंटाळवाणं पण मला आवडलं. काळ्या पाठीवर खडा, वरून लाईट, प्रत्येक वेळी डावाच आणि तीच बाजू वर, तोंड त्याच दिशेला. इमेजजे या फोटोवरून मोजमाप करायच्या सॉफ्टवेअरमध्ये क्षेत्रफळ, परीघ, लांबी-रुंदी काढली, आणि आर या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमधल्या शेपआर पॅकेजने कड घेतली. कडेचं वेडंवाकडं वळण लाटांच्या बेरजेत मांडतात, थोड्या मोठ्या लाटांनी ढोबळ आकार येतो आणि बारीक लाटांनी खाचा. मग त्या आकड्यांवरून कॉम्प्युटरला विचारायचं, हा खडा अर्नाळ्याचा की रत्नागिरीचा?

पहिल्याच रनला जवळपास सगळे खडे आपापल्या गावी गेले. दोन ढीग एकदम वेगळे! मी रात्री अकराला मॅडमना मेसेज केला. मॅडमचं एका ओळीत उत्तर, "दोन्हीकडच्या माशांची लांबी बघितलीस का?"

बघितली. डोल जाळ्यातला ढोमा लहान, रत्नागिरीचा मोठा. मासा वाढतो तसा खड्याचा आकारही बदलतो, लहानपणी गोलसर असलेला पुढे लांबट होतो, कडेच्या खाचा वाढतात. म्हणजे कॉम्प्युटरने गाव ओळखलंच नव्हतं, लहान-मोठं ओळखलं होतं. मग दोन्हीकडे समान असलेल्या लांबीचेच मासे ठेवले, सॅम्पल निम्म्यावर आलं, आणि जे आकडे लांबीबरोबर बदलतात त्यातून लांबीचा भाग काढून टाकला. परत रन केलं, प्रत्येक खडा एकेक करून बाहेर ठेवून बाकीच्यांवरून त्याचं गाव ओळखायला लावलं. आता उत्तर छापा-काट्यापेक्षा थोडंसंच बरं. दोन ढीग एकमेकांत मिसळलेले.

चार दिवस मी वही उघडली नाही. मग मॅडमनी कॅम्पाना आणि कॅसलमन यांचा १९९३ चा कॉड माशावरचा पेपर वाचायला दिला. खड्याच्या आकारावरून साठे ओळखण्याच्या कामात तो फार मानला जातो, आणि त्यातही आकारातल्या फरकाचा सर्वांत जास्त संबंध वाढीच्या वेगाशी निघालाय. म्हणजे आकार वेगळा दिसला तरी तो रक्ताचा फरक असेलच असं नाही, वेगळ्या पाण्यात वेगळ्या वेगाने वाढल्याचा असू शकतो. उलटंही तसंच, आकारात फरक सापडला नाही म्हणून साठा एकच आहे असं सिद्ध होत नाही. मी डेसर्टेशनमध्ये लिहिलं की या सॅम्पलवरून दोन साठे वेगळे आहेत असं म्हणता येत नाही, आणि पहिल्या रनचा तो सुंदर ग्राफ पण शेजारी छापला, लांबी न काढल्याने काय होतं ते दिसावं म्हणून. व्हायव्हाला बाहेरून आलेले सर त्या दोन ग्राफवरच बराच वेळ बोलले.

उजवे खडे मी अजून ठेवलेत. त्यांची केमिस्ट्री करायची आहे. समुद्राच्या पाण्यात स्ट्रॉन्शियम जास्त, नदीच्या पाण्यात बेरियम जास्त, आणि ते थोडं थोडं खड्याच्या थरात जाऊन बसतं. लेझरने खड्याच्या मधल्या भागापासून कडेपर्यंत थर वाचत गेलं तर मासा लहानपणी कसल्या पाण्यात होता ते कळू शकतं. अर्नाळ्याला वैतरणा समुद्राला मिळते, तिथला ढोमा लहानपणी खाडीच्या तोंडाशी राहिला असेल तर बेरियममध्ये दिसायला हवं, आकारात दिसलं नाही तरी. ते मशीन आमच्याकडे नाही, दुसरीकडे सॅम्पल पाठवायचं बोलणं चालू आहे. पण त्यासाठी खड्याला स्टीलचा चिमटा लागलेला चालत नाही, धातूचा अंश चिकटतो, प्लॅस्टिकचा चिमटा लागतो. दुसऱ्या फेरीपर्यंत मला हे माहीत नव्हतं, त्यामुळे माझे फक्त तिसऱ्या फेरीचे उजवे खडे त्या कामाचे आहेत. तुम्ही पहिल्या दिवसापासूनच प्लॅस्टिकचा घ्या.