हवेत गेलेला ठोसा

मे महिन्यात सोलापुरात स्पारिंग, म्हणजे बॉक्सिंगची सरावाची लढत, घ्यायची तर सकाळी ६ ला रिंगमध्ये उतरावं लागतं. आठनंतर शेडचा पत्रा तापतो आणि पोरं ठोशाआधी उकाड्यानेच गळतात. त्या दिवशी सुट्टीवर गावी आलेले एक अण्णा आमच्याकडे आले. सैन्यात बरीच वर्षं बॉक्सिंग केलेले, चाळिशीला टेकलेले. त्यांच्यासमोर उभा केला आमचा ६३ किलोचा पोरगा. हात जड, दम चांगला, बॅगवर लागला की साखळी कडाकडा वाजते. ३ मिनिटांचे ३ राउंड, मध्ये १ मिनिट विश्रांती. ग्लोव्हज १६ औंसाचे, म्हणजे एकेका हाताला साधारण साडेचारशे ग्रॅम.

पहिल्या राउंडमध्ये दहा ठोशांमागे एखादाच अण्णांना लागला असेल, तोही निसटता.

अण्णांचं उभं राहणं बघण्यासारखं होतं. डावा पाय पुढे, डावा हात पोटावर आडवा, डावा खांदा हनुवटीपर्यंत चढवलेला, उजवा तळवा उजव्या गालाजवळ उघडा. वजन मात्र सगळं मागच्या पायावर. फसगत होते ती इथेच. समोरचा किती जवळ आहे, याचा अंदाज आपण नकळत त्याच्या पुढच्या पायावरून बांधतो. पाय टप्प्यात दिसतो, पण डोकं त्या पायाच्या वीतभर मागे असतं. जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, चार बोटं कमी पडतो. ती चार बोटं पायाने पुढे सरकून भरून काढायची असतात, पोरगा कमरेतून वाकून भरून काढायला लागला. छाती गुडघ्याच्या पुढे गेली, मागची टाच उचलली, दोन्ही पाय जवळ आले. असा अडकलेला माणूस ना मागे हटू शकतो, ना पुढचा ठोसा टाकू शकतो. अण्णांचा उजवा हात त्याच क्षणाची वाट बघत असायचा. जोर नव्हता त्यात, पण दर वेळी कपाळावर टप्.

पोरग्याचा उजवा सरळ ठोसा आला की अण्णा खांदा जरासा आत वळवायचे. ठोसा खांद्याच्या गोलाईवरून पाठीमागे घसरायचा आणि त्याच वळणात अण्णांचं वजन उजव्या बाजूला भरलेलं असायचं. म्हणजे चुकवणं आणि परतफेडीची तयारी या दोन हालचाली नाहीतच, ती एकच आहे. हे ज्याला उमगत नाही तो म्हणतो, "नुसते पळतात हे." अण्णा पळत नव्हते. राउंड संपल्यावर मी निळ्या कॅनव्हासकडे बघितलं. पोरग्याच्या घामाचे थेंब गोलाकार पसरलेले आणि मधली परातीएवढी जागा जवळजवळ कोरडी. अण्णा तेवढ्यातच उभे होते.

"सर, समोर दिसतंय की, पण लागंना बघा," पोरगा स्टुलावर बसत म्हणाला. छाती भात्यासारखी चालली होती.

लागलेल्या ठोशापेक्षा हुकलेला ठोसा जास्त दमवतो. ठोसा लागला की समोरचं अंगच हाताला थांबवतं. हुकला की तो हात आपल्यालाच आवरावा लागतो, खांद्याच्या मागच्या स्नायूंनी आणि दंडाने. कोपराला झटका बसतो तो वेगळाच. तोल गेलेला असतो, म्हणून पाय परत मांडावे लागतात. मनाचं तर विचारूच नका. पाच-सहा वेळा हवा मारली की माणूस सातवा ठोसा आणखी जोरात मारतो, म्हणजे आणखी लांबून, समोरच्याला आणखी आधी दिसेल असा. १९६८ साली टोकियोत अर्जेंटिनाचा बॉक्सर निकोलिनो लोचेने पॉल फुजीला असंच दमवलं होतं. जगज्जेता फुजी दहाव्या राउंडला स्टुलावरून उठलाच नाही.

दुसरा राउंड पहिल्यापेक्षा वाईट गेला. पोरग्याने अण्णांना दोरांवर रेटलं आणि त्याला वाटलं, आता सापडले. पण दोर मागे ताणतो. पाठ टेकली की डोक्याला आणखी वीतभर जागा मिळते आणि सुटताना दोरच पुढे ढकलतो. तिथे डोक्यावर हुक, म्हणजे बाजूने वळवून मारलेले ठोसे, फिरवणं म्हणजे दम उधळणं. खरी लढत असती तर पंचांनी ते मोजलंही नसतं, कारण ग्लोव्हवर आणि दंडावर अडलेल्या ठोशाला गुण नसतो. पोरगा पुढे जात होता, हात चालवत होता आणि राउंड अण्णांचा होत होता.

शेजारच्या कारखान्यातले यंत्रमाग सुरू झाले होते. खट्-खट्, खट्-खट्. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, पोरगा त्याच ठेक्यावर मारतोय. जॅब आणि पाठोपाठ मागच्या हाताचा सरळ क्रॉस, थांबा, जॅब-क्रॉस, थांबा. धोटा कधी येणार हे जसं मागावरच्या माणसाला न बघता कळतं, तसं अण्णांना पुढचा ठोसा कळत होता.

तिसऱ्या राउंडला दोनच गोष्टी सांगितल्या. एक, डोकं सोड, छातीच्या मध्यावर जॅब मार. डोकं मानेवर हलतं, कमरेवर हलतं, पण छातीचं हाड हलवायला अख्खं शरीर हलवावं लागतं. तिथे लागलेल्या ठोशाने माणूस पडत नाही, पण त्याचं वजन मागच्या टाचेवर जातं आणि मग खांदा वळत नाही. दोन, हूल दे. हूल म्हणजे हात हलवणं नव्हे. हात हलवला तर कसलेला बॉक्सर ढुंकूनही बघत नाही. गुडघा वाकला पाहिजे, खांदा पुढे आला पाहिजे, खऱ्या ठोशाची पहिली अर्धी हालचाल खरीच पाहिजे. तीच हूल तीनदा द्यायची आणि तो कुठे जातो ते बघायचं. चौथ्यांदा तिथेच मारायचं, तेही अर्धा ठेका उशिरा.

पहिलं मिनिट तरीही वायाच गेलं. तीन मिनिटांत सवय मोडत नाही. मग छातीवर एक जॅब बसला, पाठोपाठ दुसरा. अण्णांनी पहिल्यांदाच डावा हात पोटावरून वर घेतला. तिथून पोरग्याने गुडघ्यातून हूल दिली, अण्णा नेहमीप्रमाणे डोकं उजवीकडे मागे घेऊन थांबले आणि पोरग्याचा उजवा हात त्यांच्या खांद्यावरून, वरून खाली येणारा, हेडगार्डच्या कडेला लागला. २०१४ मध्ये अर्जेंटिनाच्या मार्कोस मायदानाने अमेरिकेचा जगज्जेता फ्लॉइड मेवेदरला असाच वरून खाली येणारा उजवा मारून बेजार केलं होतं. तेवढं करूनही मायदाना गुणांवर हरला, हेही पोरांना सांगायला हवं.

लगेच पुढच्या वेळी पोरग्याने तोच ठोसा हूल न देता मारला. खांद्यावरून घसरला आणि कपाळावर टप्.

बेल झाल्यावर अण्णा पट्ट्या सोडत बसले. बनियनची गळपट्टी खाली ओढून त्यांनी छातीवरचा लाल डाग पोरग्याला दाखवला.

"हे दोन लागले. बाकीचं सगळं ऐकू येत होतं मला."

"ऐकू म्हणजे अण्णा?"

"ठोसा टाकायच्या आधी तू नाकातून श्वास ओढतोस. दर वेळी. उद्या तोंड मिटून, श्वास चालू ठेवून शंभर जॅब मार, मी समोर हात धरतो. सहाला ये."

पोरगा पावणेसहालाच आला.