फियाटने पुणे ते सावंतवाडी: खंबाटकी चढून, आंबोली उतरून

गाडी १९७५ ची प्रीमियर पद्मिनी. कागदावर पद्मिनी, घरात आणि गॅरेजात फियाटच. रस्ता पुणे, सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर. तिथे जुन्या फियाटवाल्यांचा छोटासा मेळावा. मग निपाणी, आजरा, आंबोली करत सावंतवाडी. आजकालच्या गाडीने माणूस पहाटे निघून दुपारी सावंतवाडीत जेवायला बसतो. आमच्यासारख्यांनी त्या नादाला लागू नये. गाडी कुठे गरम होणार, ब्रेक कुठे तापणार आणि अंधार कुठे पडणार, यावर मुक्काम ठरवायचे. हॉटेल आणि जेवण त्यानंतर.

आधी कागदपत्रं, कारण यावर फोन फार येतात. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली, मूळ स्वरूपातली खासगी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,०००. ऐकायला झकास आहे, पण अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणायची. म्हणजे कोकणात मासे खायला जायचं असेल तर 'व्हीए'चा मोह नको. मी साधी नोंदणीच ठेवली आहे. दर पाच वर्षांनी आरटीओत गाडी दाखवायची, पर्यावरण कर भरायचा, विमा आणि पीयूसी चालू ठेवायची. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही आता उच्च सुरक्षा नंबरप्लेट लागते. पेंटरने हाताने रंगवलेली माझी जुनी पाटी त्यामुळे उतरली. ती भंगारात टाकू नका, प्रदर्शनाच्या टेबलावर ठेवायला कामी येते.

आता तयारी. इंजिन १,०८९ सीसीचं, ताकद जेमतेम ४० अश्वशक्ती, तीही कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशीची. एवढ्या ताकदीत घाट चढतो, पण गाडी ट्यून हवी. निघण्यापूर्वी ठिणगी पाडणारे पॉइंट, कंडेन्सर, प्लग नवे टाकले, टॅपेट (व्हॉल्व्हमधलं अंतर) सेट केले, फॅन बेल्ट बदलला आणि जुना डिकीत ठेवला. रेडिएटर उतरवून रॉडिंग, म्हणजे नळ्यांत सळ्या घालून सफाई, करून घेतलं. नुसतं फ्लश करून भागत नाही; पन्नास वर्षांचा गाळ नळ्यांमध्ये दगडासारखा बसलेला असतो. ग्रीसिंग तर कराच. हल्लीच्या पोरांना ग्रीस निपल कुठे असतात हेही दाखवावं लागतं, म्हणून स्वतः उभं राहून करून घ्या.

पेट्रोलचा मुद्दा मोठा आहे. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुन्या रबरी नळ्या, पंपाचा डायफ्रॅम (आतला पातळ पडदा) आणि कार्बोरेटरची पॅकिंग यांचं त्याच्याशी पटत नाही. रबर आधी फुगतं, मऊ पडतं, मग त्याचे कण कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे बारीक भोकांत, अडकतात. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या सगळ्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घ्या. इंधन इंजेक्शनच्या गाड्यांना लागते ती नळी मीटरवर मिळते, थोडी महाग पडते. डायफ्रॅम किट एक लावलेलं, एक डिकीत. पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी फेरी मारली तर फियाटचं काही ना काही हाती लागतंच. मुंबईकरांना कुर्ल्याचा सीएसटी रोड सांगायला नको. ही गाडीच मुळात कुर्ल्याची, वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कारखान्यातली.

निघालो पहाटे, डिसेंबरातल्या गारव्यात. खंबाटकी ऊन चढायच्या आत पार करायचा, एवढं एकच वेळापत्रक पाळायचं होतं. आम्ही गेलो तेव्हा पुण्याहून साताऱ्याला जाताना घाट चढावा लागत होता. बोगदा होता तो परतीच्या वाटेवर. चढणीवर पुढे ट्रक असतो, तो पंधराच्या वेगाने रांगतो आणि आपल्याला ओव्हरटेक करण्याइतका दम नसतो. अशा वेळी तिसऱ्या गिअरमध्ये रेटू नका. गाडी घरघरते, हवा मिळत नाही आणि तापमानाचा काटा वर सरकतो. सरळ दुसरा टाका, इंजिन मोकळं फिरू द्या, ट्रकपासून चार गाड्यांचं अंतर ठेवा. त्याच्या सायलेन्सरची गरम हवा आपल्या रेडिएटरने का प्यावी? पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (चालत्या गाडीत गिअर अलगद पाडणारी सोय) नाही, त्यामुळे दुसऱ्यातही दम तुटला तर चालत्या गाडीत पहिला पडत नाही, नुसता किर्र आवाज येतो. थांबा, पहिला टाका, निघा. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे.

मी मारुती ८०० चा विजेचा पंखा रेडिएटरपुढे बसवला आहे, स्विच डॅशबोर्डखाली. जाणकार नाकं मुरडतात. मुरडोत बापडे. घाटमाथ्यावर काटा मध्यापासून बोटभरही पुढे गेला नव्हता. पंखा चार बोल्टवर आहे, प्रदर्शनाच्या आदल्या रात्री काढता येतो.

घाटाखाली उतरलं की सातारा जवळच. पुढे साताऱ्यापासून कागलपर्यंत सहापदरीकरणाच्या कामाने रस्त्याची दशा करून ठेवली आहे. वळसे, सेवा रस्ते, अचानक येणारे खड्डे. मागचे स्प्रिंगचे पाटे जुने असतील तर त्यांच्या टोकांचे बुश आणि शॅकल आधीच बघून घ्या. कऱ्हाडात शिरताना गर्दीत बराच वेळ जातो.

खरी गंमत एका टोलनाक्याच्या रांगेत झाली. दुपार, रांग मुंगीच्या पावलाने सरकतेय आणि गाडीने दोन आचके देऊन मान टाकली. व्हेपर लॉक. पेट्रोल पंप इंजिनाला चिकटून असतो; गाडी उभी राहिली की तापतो, पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती वाफ ओढत बसतो. आताच्या मिश्र पेट्रोलने हे जास्त होतं असा सगळ्याच कार्बोरेटरवाल्यांचा अनुभव आहे. अशा वेळी स्टार्टर मारत बसू नका, बॅटरीचा जीव जातो. गाडी ढकलून कडेला घ्या, बॉनेट उघडा, पंपावर आणि नळीवर ओलं फडकं गुंडाळा, चहा प्या. चहा संपेपर्यंत गाडी सुरू होते. फडकं नुसतं ओलं असावं. डिस्ट्रिब्युटरवर पाणी ओतलंत तर दुसरंच दुखणं. तेवढ्यात तीन अनोळखी माणसांनी 'आमच्या आजोबांची होती' ही कथा सांगितली. त्यासाठी वेळ धरूनच ठेवावा.

कोल्हापुरात पोचल्यावर पहिलं काम उद्यमनगर, म्हणजे वर्कशॉपांची वसाहत. शेवटच्या टप्प्यात ब्रेक मारला की पेडल पायाखाली थरथरत होतं आणि पुढे आंबोलीचा उतार होता. शिवाजी उद्यमनगरात लेथवाला शोधावा लागत नाही, कुठला निवडायचा हाच प्रश्न. मिस्त्रींनी पुढच्या चाकाचा ब्रेक ड्रम हातात घेऊन फिरवला आणि म्हणाले, "ड्रम गोल न्हाई ऱ्हायला, साहेब. पेडल थरथरतंय का न्हाई?" मी काही बोललोच नव्हतो. लेथवर चढवून हत्यार हलकेच टेकवलं, तर ते फिरण्यातल्या एकाच ठिकाणी लागत होतं. टक्... टक्... टक्. बिडाचा कीस लोखंडासारखा वळत नाही, काळ्या भुकटीसारखा खाली पडतो. दोन-तीन हलके कट घेतल्यावर ती टकटक जवळ जवळ येत गेली आणि शेवटी सलग खर्रर्र असा एकच आवाज राहिला. ड्रम गोल झाला. मग त्यांनी न विचारता दुसऱ्या बाजूचाही ड्रम मागून घेतला आणि त्याच मापाला आणला. हे लक्षात ठेवा: एकाच अॅक्सलचे दोन ड्रम वेगळ्या मापाचे राहिले तर गाडी ब्रेकला एका बाजूला ओढते. आणि ड्रम कितीही वेळा खरवडता येत नाही. पातळ झाला की लवकर तापतो, मग नवाच शोधा. शूज घासून बसवले, व्हील सिलिंडरची किट टाकली, ब्रेकची हवा काढली. पैसे इतके कमी घेतले की मला संकोच वाटला.

मेळावा दुसऱ्या दिवशी. कोल्हापूरकरांना जुन्या मोटारीचं अप्रूप उसनं आणावं लागत नाही. दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक दसरा चौकात येते ती बघायला गावं लोटतात. तिच्यापुढे आमच्या फियाटी म्हणजे घरातल्या थोरल्या काकवा. लोक ज्यांना 'डुक्कर' म्हणत त्या एक-दोन जुन्या फियाट, १९६४ नंतरच्या डिलाइट मॉडेलच्या काही, बाकी पद्मिन्या. टॅक्सीतून निवृत्त झालेली मात्र एकही नव्हती. मुंबईतली काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. त्यातल्या चार-दोन तरी कोणी धडपणे जपायला हव्या होत्या.

पहिल्यांदा गाडी मांडणाऱ्यांसाठी सांगतो. परीक्षक पॉलिशला भुलत नाहीत. ते वाकून बघतात: इंजिन आणि चासी नंबर कागदाशी जुळतो का, वायरिंग मूळ पद्धतीने बांधलंय की प्लास्टिकच्या पट्ट्यांनी, स्टिअरिंग मूळचं आहे का, क्वार्टर ग्लासचा (दाराच्या पुढच्या कोपऱ्यातल्या तिरक्या काचेचा) खटका चालतो का, दाराच्या खालच्या कडेला पुट्टी किती. लोहचुंबक खिशात घेऊन फिरणारे महाभागही असतात. माझे गुण पंख्यासाठी नाही, नव्या सीटकव्हरसाठी कापले. ते बरोबरच होतं. पण काही गाड्या फ्लॅटबेडवर, म्हणजे ट्रकवर लादून, आल्या, फ्लॅटबेडवर गेल्या आणि बक्षीस घेऊन गेल्या, हे मला अजून पटत नाही. रस्त्याने चालत आलेल्या गाडीला दोन गुण जास्त द्यायला काय हरकत आहे?

दुपारी पन्हाळ्यापर्यंत छोटी टीएसडी (टाइम-स्पीड-डिस्टन्स) रॅली होती. शर्यत म्हटली की लोक वेग धरतात. इथे ठरवून दिलेला सरासरी वेग राखायचा असतो. लपवलेल्या ठाण्यांवर वेळेच्या आधी पोचलात तरी दंड, उशिरा पोचलात तरी दंड, आणि आधी पोचल्याचा दंड बहुधा जास्त. इटलीत याच ११०० मालिकेतल्या गाड्या १९५० च्या दशकात मिल्ले मिलियाच्या हजार मैलांत धावल्या, आपल्याकडे मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर लोकांनी फियाटी पिटाळल्या. आता या वयात त्यांना टीएसडीच शोभते. आदल्या दिवशीच किलोमीटरच्या दगडांवर आपलं मीटर तपासून घ्या. माझं मीटर दहा किलोमीटरला जवळजवळ अर्धा किलोमीटर जास्त दाखवतं. हिशोब बायकोने केला, गाडी मी चालवली, आणि भांडण फक्त पन्हाळ्याच्या शेवटच्या वळणावर झालं. क्रमांक मधलाच आला.

निपाणीहून आजऱ्याचा रस्ता या सगळ्या प्रवासातला सर्वांत सुखाचा. दुतर्फा ऊस, वाहतूक कमी, साठच्या वेगाने तिरक्या काचेतून थंड वारा. बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांना रात्री मागचा दिवा नसतो, म्हणून हा पट्टा उजेडातच संपवा. फियाटच्या हेडलाइटचा प्रकाश म्हणजे देवघरातली समई.

आंबोलीत मुक्काम करा आणि उतार सकाळी घ्या. पावसाळ्यात तर जुन्या गाडीने मुळीच नको. इथला पाऊस महाराष्ट्रात गाजलेला आहे, धुकंही तसंच. ड्रममध्ये पाणी गेलं की ब्रेक एका चाकाला धरतो, दुसऱ्याला नाही. उतरताना नियम जुनाच: ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. धबधब्याच्या अलीकडेच दुसरा टाकला तो पायथ्यापर्यंत. ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. घट्ट दाबायचा, वेग पाडायचा, सोडून द्यायचा. ड्रमला गार व्हायला तेवढीच फुरसत. करपल्याचा वास आला किंवा पेडल खोल जायला लागलं तर लगेच मोकळ्या जागी थांबा, चाकामागे दगड लावा, अर्धा तास काहीही करू नका. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, बीड तडकतं. उद्यमनगरची मेहनत इथे वसूल झाली. पेडल शेवटपर्यंत जिथल्या तिथे होतं.

सावंतवाडीत मोती तलावाकाठी गाडी लावली, जेवलो, झोपलो.

परत आल्यावरचं काम लोक टाळतात. कोकणातली दमट, खारी हवा लागली असेल तर गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या, दारांच्या तळाची पाणी जायची भोकं काडीने मोकळी करा, पुन्हा ग्रीसिंग करा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवा आणि टाकी अर्धवट भरलेली सोडू नका. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, ते तळाशी बसतं आणि पत्रा आतून गंजतो. पॉइंट आणि कंडेन्सर प्रवासात बदलले असतील तर जुने चालू स्थितीतले फेकू नका, डबीत घालून डिकीत ठेवा. हल्ली नव्या कंडेन्सरपेक्षा जुनाच जास्त टिकतो.