देव निजतो त्या दिवशीची वारी

आषाढ शुद्ध एकादशीला शास्त्राने देवशयनी हे नाव दिले आहे. या दिवशी भगवान विष्णू शेषावर निजतात आणि कार्तिकातल्या प्रबोधिनी एकादशीला जागे होतात, अशी श्रद्धा आहे. नेमक्या याच दिवशी लाखो वारकरी पंढरपुरात त्याला भेटायला जमतात, आणि ज्यांना तिथवर पोहोचणे जमत नाही असे आम्ही मुंबईकर प्रतिपंढरपूर मानल्या गेलेल्या वडाळ्याच्या विठ्ठल मंदिराची वाट धरतो. निजलेल्या देवाकडे एवढी माणसे कशाच्या भरवशावर चालत जातात, हा प्रश्न यंदा लालबागहून पहाटे निघताना माझी पाठ सोडत नव्हता. आई गेली होती, नोकरी सुटली होती, आणि पुनर्विकासासाठी चाळ रिकामी करून भाड्याच्या खोलीत आल्यापासून दार वाजवून चौकशी करणारे कोणी उरले नव्हते.

आमच्या गिरणगावातल्या भजनी मंडळाच्या दिंडीत पूर्वी माझे वडील वीणा घेऊन चालत. 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे 2.5 लाख कामगारांचे काम थांबले. तो संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. त्यामुळे वाईट काळ सरला असे म्हणण्याचा दिवसच आमच्यासारख्या घरांच्या वाट्याला आला नाही. त्या वर्षीच्या आषाढीलाही वडील वीणा गळ्यात घालून निघाले. परतल्यावर आईने विचारले, “देवाकडे काय मागितलंत?” ते म्हणाले, “मागायला नव्हतो गेलो. जायचा दिवस होता, म्हणून गेलो.” वारकरी ज्याला नेम म्हणतात तो हाच. मन खचलेले असो वा उभारीत, एकादशी आली की पाऊल बाहेर पडते. मन साथ देईनासे झाले की माणसाला सावरून धरतो तो हा नेमच, असे मला मनापासून वाटते.

परळ ओलांडेपर्यंत पावसाने जोर धरला आणि हिंदमातापाशी घोट्यापर्यंत पाणी साचले, तरी टाळ थांबले नाहीत. डोक्यावर तुळस घेतलेल्या एका वृद्ध बाईंनी माझ्याकडे पाहून विचारले, “एकटीच आलीस का गं, माउली?” मी होकार दिला, तेव्हा त्यांनी मला आपल्या ओळीत ओढून घेतले आणि नायगाव येईपर्यंत माझा हात सोडला नाही. माझी कहाणी त्यांनी विचारली नाही, आणि त्याबद्दल मला फार कृतज्ञता वाटली.

कात्रक मार्गावरच्या लांबलचक रांगेत उभी असताना मनात पुंडलिक घोळत राहिला. आईवडिलांच्या सेवेत गुंतलेल्या पुंडलिकाने दारी आलेल्या देवाकडे वीट सरकवली आणि थांबायला सांगितले, आणि देव रागावून परत न जाता कटीवर हात ठेवून तिथेच उभा राहिला. आईच्या अंथरुणापाशी माझी काही वर्षे गेली आणि त्या काळात देवळात जाणे जवळजवळ बंद पडले. देवापासून आपण तुटलो, असेच मला वाटत आले होते. पण या कथेत देव देवळात नाही, सेवा चाललेल्या घराच्या दारात आहे. मला एकटेपण भोगायला लावणारी ती खोलीही मग त्याच्या नजरेबाहेरची कशी असेल? एकटेपण त्या रांगेतही माझ्याबरोबर होते. मात्र देवाने मला टाकले, असे म्हणायला माझी जीभ रेटेना.

पुढे सरकत सरकत गाभाऱ्यापाशी पोहोचले, तेव्हा काही मागावे असे सुचलेच नाही. बाहेर साबुदाण्याच्या खिचडीचा प्रसाद घेताना त्या बाई पुन्हा भेटल्या. “कार्तिकीला येशील ना? तेव्हा देव जागा होतो,” त्या म्हणाल्या. कार्तिकापर्यंत ती खोली राहील की सोडावी लागेल, हे मला ठाऊक नव्हते, तरी मी त्यांना येईन म्हणून सांगितले आणि कुठे भेटायचे तेही ठरवून घेतले.