यादीत असूनही न सापडणारे नाव

नाशिकरोडच्या एका सहकारी पतसंस्थेत मी ठेव विभागात लिपिक आहे आणि घरी, रात्रीची आवराआवर झाल्यावर, आवडीने प्रोग्रॅमिंग करते. मी तयार केलेली वेबपेजे आकाराने लहान असतात. प्रत्येक पेज म्हणजे एकच फाईल. ती उघडली की ब्राउझरमध्ये चालू होते, तिला इंटरनेट लागत नाही आणि तिच्यात टाकलेली माहिती त्या संगणकाबाहेर जात नाही. पतसंस्थेत काम करणाऱ्या माणसाला ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची वाटते, म्हणून मी ही रीत आजवर सोडलेली नाही.

पहिले पेज मी अक्षरी रकमेसाठी केले. पावतीवर आकड्यात लिहिलेली रक्कम शब्दांत लिहिताना नवे सहकारी नेहमी अडतात, कारण मराठीत एक ते नव्व्याण्णवपर्यंतच्या संख्यांची नावे कोणत्याही एका नियमाने तयार होत नाहीत. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस असा क्रम एकोणनव्वदपर्यंत नीट चालतो आणि नव्व्याण्णवाला मोडतो. त्यामुळे शंभरपर्यंतची सगळी नावे तक्त्यात भरावी लागली; त्यापुढे हजार, लाख, कोटी यांचे काम भागाकाराने झाले. दुसरे पेज आडनावांचा क्रम लावणारे होते, आणि पुढे घडलेल्या प्रसंगाची तयारी माझ्याकडून नकळत त्या पेजाने करून घेतली.

संगणक अक्षर ओळखत नाही, क्रमांक ओळखतो. युनिकोड या प्रमाणपद्धतीत देवनागरीच्या मुख्य विभागाला २३०४ ते २४३१ अशा १२८ जागा दिलेल्या आहेत. (हे क्रमांक मी दशमान पद्धतीने देत आहे, तक्त्यांमध्ये ते सोळाच्या पायावर छापलेले असतात.) या विभागाची मांडणी भारतीय लिप्यांसाठी आधी ठरलेल्या इस्की या मानकाच्या १९८८ सालच्या आराखड्यावर बेतलेली आहे. त्यात ‘ळ’ची जागा २३५५ आणि ‘व’ची २३५७ आहे, म्हणजे ‘ळ’ हा ‘व’च्या आधी येतो. मराठी वर्णमालेत मात्र ‘ळ’ हा ‘ह’च्या नंतर येतो. निव्वळ क्रमांकांवर विसंबून क्रम लावला, तर ‘काळे’ हे आडनाव ‘कावळे’च्या आधी लागते आणि कोशाच्या क्रमाने शोधणाऱ्या माणसाला ते जागेवर मिळत नाही. ते दुरुस्त करण्यासाठी मी वर्णमालेचा वेगळा तक्ता केला, आणि तपासणीसाठी आणखी एक छोटी सोय केली: चौकटीत कोणताही शब्द टाकला, की त्यातील प्रत्येक चिन्हाचा क्रमांक एकाखाली एक दिसे. त्या सोयीचा उपयोग तेव्हा माझ्याशिवाय कोणाला होईल असे वाटले नव्हते.

प्रसंग दिवाळीच्या आधीचा आहे. वार्षिक सर्वसाधारण सभा होऊन लाभांशाचे वाटप सुरू झाले होते आणि काउंटरवर दिवसभर रांग होती. त्या रांगेत एक आजी होत्या. त्यांचे यजमान प्रेसमधून निवृत्त झालेले. नाशिकरोडला ‘प्रेस’ म्हटले की नोटांचे किंवा सिक्युरिटीचे सरकारी छापखाने, हे सांगावे लागत नाही. यजमान वारले होते आणि त्यांच्या नावावरचे भाग वारसाच्या नावावर करून घेण्यासाठी आजी आल्या होत्या. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३० मध्ये मृत सभासदाचे भाग नामनिर्देशित व्यक्तीकडे किंवा वारसाकडे देण्याची तरतूद आहे, आणि हे काम एरवी साध्या कागदपत्रांवर होते. परंतु त्यासाठी सभासदाची नोंद आधी सापडावी लागते.

नोंद सापडत नव्हती. आजींजवळ भागाचा जुना दाखला होता. पण दोन शाखांच्या नोंदवह्या एकत्र केल्या गेल्या तेव्हा सभासद क्रमांक बदलले होते, आणि दाखल्यावरच्या क्रमांकावर आता दुसऱ्याच कोणाचे नाव येत होते. राहिला नावाने शोध. आमच्या प्रणालीत आडनाव पूर्ण आणि अचूक द्यावे लागते. ते दिले की ‘नोंद नाही’ एवढेच उत्तर येई. या कामासाठी आजी आधीही येऊन गेल्या होत्या आणि त्यांना प्रतिज्ञापत्र करून आणण्यास सांगितले गेले होते. त्या दिवशी त्यांनी कागद परत पिशवीत घातले नाहीत.

“ताई, मी पैशासाठी भांडत नाही,” त्या म्हणाल्या. “बत्तीस वर्षं त्यांनी पगारातून इथं पैसे भरले. त्यांचं नाव तुमच्या यंत्रात का नाही, एवढंच मला सांगा.”

कायद्याने ठरवून दिलेल्या ‘आय’ नमुन्यातील मूळ सभासद नोंदवही मुख्य कार्यालयाच्या अभिलेख कक्षात होती आणि ती मागवण्यास वेळ लागणार होता. मी व्यवस्थापक साहेबांकडे गेले आणि सभासद यादीची प्रत संस्थेच्याच संगणकावर माझ्या पेजात उघडण्याची परवानगी मागितली. त्यांनी ते पेज इंटरनेट तोडून चालवून पाहिले, मग माझ्याकडून तसा अर्ज लिहून घेतला आणि होकार दिला. त्यांची ही काळजी मला योग्यच वाटली.

आडनाव टाकले, काही आले नाही. मग आडनाव सोडून मी यजमानांचे नाव आणि त्यांच्या वडिलांचे नाव टाकले, आणि एकच ओळ समोर आली. नाव तेच, वडिलांचे नाव तेच, पत्ता सिन्नर फाट्याचा, आणि आडनावही अक्षरशः तेच. आजींनी पडद्याजवळ वाकून ते वाचले आणि दाखल्यावर बोट ठेवून पुन्हा वाचले. त्यांचे काम त्या क्षणी मार्गी लागले होते. माझ्यासमोर मात्र डोळ्यांना स्पष्ट दिसणारे एक आडनाव होते, जे टंकित करून शोधले की संगणक नाही म्हणत होता.

जेवणाच्या सुटीत मी दोन्ही आडनावे, यादीतले आणि मी टंकित केलेले, क्रमांक दाखवणाऱ्या त्या चौकटीत टाकली. आडनाव येथे देत नाही. त्यात ‘कुऱ्हाडे’, ‘बोऱ्हाडे’ या आडनावांमध्ये असते ते जोडाक्षर होते, एवढे पुरेसे आहे. मी टंकित केलेल्या आडनावात त्या जागी २३५३, २३८१, २३६१ असे तीन क्रमांक आले. यादीतल्या आडनावात २३५२, २३८१, ८२०५, २३६१ असे चार आले. पडद्यावर एकसारखे दिसणारे जोडाक्षर आत दोन वेगवेगळ्या रीतींनी लिहिलेले होते.

२३५२ हा आपला नेहमीचा ‘र’. त्याला हलन्त देऊन पुढे ‘ह’ लिहिला, तर ‘र्ह’ असा रफार होतो. मराठीला ‘ऱ्ह’ आणि ‘ऱ्य’ यांतला आडवा, पापणीसारखा अर्धा ‘र’ही हवा असतो, आणि तो केवळ शोभेचा नाही: ‘आचार्याला’ आणि ‘आचाऱ्याला’ या दोन शब्दांत एक गुरू आहे आणि दुसरा स्वयंपाकी. हा अर्धा ‘र’ लिहिण्याची एक रीत म्हणजे २३५३ क्रमांकाचा स्वतंत्र ‘ऱ’ वापरून त्याला हलन्त देणे. इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाणित कळफलकावर हा ‘ऱ’ साध्या ‘र’च्याच कळीवर, शिफ्ट दाबून मिळतो. दुसरी रीत म्हणजे साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे ८२०५ क्रमांकाचे चिन्ह. या चिन्हाला झिरो विड्थ जॉइनर म्हणतात. त्याला रुंदी नसते, ते दिसत नाही, शेजारच्या अक्षराने कोणते रूप घ्यावे एवढेच ते सांगते. युनिकोडच्या २.० या आवृत्तीत ही दुसरी रीत होती, आणि तिच्याशी सुसंगती राहावी म्हणून आजही ती मान्य आहे. दोन्ही रीती बरोबर आहेत, आणि त्यामुळेच पडद्याकडे पाहून कोणालाही काही शंका येत नाही.

आमची यादी अनेक वर्षांत, अनेक हातांनी भरली गेली. कोणी इन्स्क्रिप्टवर शिकलेले, कोणी रोमन अक्षरांतून मराठी उमटवणारे साधन वापरणारे. त्या सगळ्यांनी आपले काम प्रामाणिकपणे केले होते. अक्षरांची तुलना जशीच्या तशी करणारी शोधप्रणाली मात्र या दोन रीतींना दोन वेगळी माणसे समजत होती. अशी किती नावे असतील, हा प्रश्न मला त्या दुपारी सोडवेना, आणि घरी गेल्यावर मी त्यावर काम सुरू केले.

माझी पेजे ज्या भाषेत लिहिलेली आहेत त्या जावास्क्रिप्टमध्ये २०१५ सालच्या मानकापासून मजकुराचे प्रमाणीकरण करण्याची, म्हणजे एकाच अक्षराची समतुल्य रूपे एका रूपात आणण्याची, सोय आहे. ‘र’ आणि त्याखाली नुक्ता, म्हणजे टिंब, असे दोन चिन्हांनी लिहिलेले अक्षर ती एका ‘ऱ’मध्ये बदलते. जॉइनरची रीत मात्र तिच्या कक्षेत येत नाही, कारण युनिकोडच्या दृष्टीने ती दोन रूपे समतुल्य नाहीत. ‘ॲ’चेही तसेच. या अक्षराला २४१८ हा स्वतंत्र क्रमांक २००८ साली, ५.१ या आवृत्तीत मिळाला. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र देऊन ते लिहीत, आणि काही साधने त्या दोहोंच्या मध्ये अदृश्य जॉइनरही घालत. म्हणजे शरणपूरच्या एखाद्या ‘ॲन्थनी’चे नाव तीन प्रकारे नोंदलेले असू शकते आणि प्रमाणीकरण त्यांतले एकही दुसऱ्याशी जुळवत नाही. ‘अ’ला काना देऊन केलेला ‘आ’, काना आणि मात्रा वेगवेगळे देऊन केलेला ओकार हीही त्याच घरातली प्रकरणे आहेत.

म्हणून मी प्रत्येक नावापासून शोधापुरती एक किल्ली तयार केली. नाव आहे तसेच राहते. किल्ली बाजूच्या रकान्यात असते. ती करताना आधी प्रमाणीकरण होते, मग सगळी अदृश्य चिन्हे काढली जातात, ‘ऱ’चा ‘र’ होतो, ‘अ’वरचा चंद्र ‘ॲ’ होतो, तुटक स्वरचिन्हे एकत्र येतात आणि जास्तीच्या रिकाम्या जागा जातात. शोधणाऱ्याने टंकित केलेल्या शब्दाचीही तशीच किल्ली होते आणि तुलना किल्ल्यांची होते. यात गुरू आणि स्वयंपाकी एक होतात, हे मला माहीत आहे. शोधात ते चालते, कारण एक नाव जास्त दिसले तर माणूस डोळ्यांनी निवड करतो. न दिसलेल्या नावाबाबत त्याला काहीच करता येत नाही. मूळ नोंदीत मात्र एकाही चिन्हाला हात लावायचा नाही, हे मी पहिल्यापासून ठरवले होते. ती नोंद सभासदाची आहे.

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या संगणकावर पूर्ण यादीच्या किल्ल्या तयार झाल्या. मग साहेबांनी स्वतः न वाटलेल्या लाभांशाची यादी काढून दिली आणि आम्ही दोघे ती आडनावांच्या क्रमाने पाहत गेलो. अर्धा ‘र’ असलेली आडनावे तिच्यात डोळ्यांत भरण्याइतकी दाटलेली होती. ती माणसे लाभांश न्यायला आली नव्हती, की येऊन ‘नोंद नाही’ ऐकून परत गेली होती, हे कागदावरून कळण्याचा मार्ग नव्हता. साहेब बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी देवळाली गाव, एकलहरे, जेलरोड असे पत्त्यांप्रमाणे गट करायला सांगितले आणि त्या आठवड्यापासून त्या सभासदांना पत्रे जाऊ लागली. आजींचा प्रस्ताव संचालक मंडळाच्या पुढच्या सभेत मंजूर झाला.

प्रणाली पुरवणाऱ्यांना आम्ही क्रमांकांसह पत्र लिहिले आहे. तोवर नवीन सभासदाचे नाव नोंदवताना माझे पेज शेजारी उघडे असते: लिपिकाने नाव टंकित केले की त्याच किल्लीची जुनी नावे दिसतात. ‘रवींद्र’ आणि ‘रविंद्र’, ‘सुनीता’ आणि ‘सुनिता’ यांची किल्ली मात्र मी एक केलेली नाही. तेथे फरक डोळ्यांना दिसतो आणि तो त्या माणसाने स्वतः स्वीकारलेला असू शकतो; म्हणून अशी नावे ‘जवळची नावे’ म्हणून वेगळी दाखवली जातात आणि निर्णय समोरच्या सभासदाला विचारून होतो.

सध्या एका जुन्या शाखेच्या याद्यांचे काम चालू आहे. त्या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये आहेत, ज्यात रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. तेथे ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, ती उचलून मागे न्यावी लागते, आणि रफार अक्षरानंतर असतो, तो पुढे आणावा लागतो. अर्ध्या ‘र’ला मात्र त्या फॉन्टमध्ये स्वतःची वेगळी जागा आहे, त्यामुळे टंकलेखकाला कोणता ‘र’ म्हणायचा होता याबद्दल त्या फायलींमध्ये कोठेही संदिग्धता नाही.